फोनमधलं कपाट

चष्मेवाल्याने श्वास रोखून फ्रेमच्या बिजागरीत मोहरीएवढा स्क्रू बसवला, पेचकस फिरवला, आणि नेमका तेव्हाच काउंटरवर काचेच्या पेटीला टेकवून ठेवलेला फोन उजळला. घरी गाणं लागलं होतं.

आवाज काही आला नाही. फोनवर फक्त एका जुन्या कॅसेटच्या कव्हराचा फोटो आला, फोटोखाली नाव, नावाखाली एक बारीक रेघ, आणि त्या रेघेवरून एक ठिपका मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागला. चष्मेवाल्याने पेचकस खाली ठेवला. कुणी न मागता चहा आणून द्यावा तसा त्याचा चेहरा झाला.

समोरच्या स्टुलावर बसड्रायव्हर बसला होता. चष्म्याशिवाय त्याला सगळं दुकान धुक्यात गेल्यासारखं दिसत असणार; तरी त्याने मान पुढे काढली.

“फोन वाजतोय का? घ्या की.”

“फोन नाही. घरी गाणं लागलंय. बायकोने लावलंय.”

“मला तर काही ऐकू येत नाही.”

“इथे नाही येत. तिकडे येतंय, घरी.”

ड्रायव्हर विचारात पडला. “मग इथे बसून तुम्हाला त्याचा काय उपयोग?”

चष्मेवाल्याने फ्रेम पुसली, उजेडाकडे धरून पाहिली.

“सोबत,” तो म्हणाला, आणि स्वतःच जरा ओशाळला.

ड्रायव्हर चष्मा नाकावर चढवून गेला. दुपारची ती वेळच तशी असायची. रस्त्यावरची गर्दी ओसरलेली, दुकानात उन्हाचा एक लांबट तुकडा फरशीवर पडलेला, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले रिकामे चष्मे, सगळे एकाच दिशेला बघत असलेले. चष्मेवाला खुर्चीत रेलायचा, डोळे मिटायचा आणि ठिपका आता कुठवर आला असेल याचा अंदाज घ्यायचा. गाणी पाठच होती. सुरुवातीची ती लांबलचक तान, मग गाणारी बाई थांबते, मग व्हायोलिन हळूच दार लोटून आत आल्यासारखं येतं. सगळं डोक्यात जसंच्या तसं वाजायचं. घरात पडदे हलत असतील, ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली असेल. मध्येच डोळे उघडून पाहिलं तर ठिपका त्याच्या अंदाजाच्या अगदी जवळपास असायचा. आपण लहान मुलासारखे खूश होतो हे त्याला कळायचं, पण दुकानात बघायला होतं कोण?

हा संग्रह म्हणजे त्याने जन्मभर केलेला पसारा. आधी तबकड्या, मग टेपची रिळं, मग कॅसेट, मग सीडी. बैठकीच्या दोन भिंती या पसाऱ्याने खाल्ल्या होत्या आणि तिसरीवर डोळा होता. लग्न ठरवायला म्हणून दोघं पहिल्यांदा भेटली तेव्हाही बोलणं सगळं गाण्यांचंच झालं, आणि घरच्यांनी विचारलं, मुलगा कसा वाटला, तेव्हा तिने सांगितलं होतं, “कान चांगले आहेत.” त्यानंतर या घरात भांडणं झाली ती बरीचशी गाण्यांवरून, आणि अबोला सुटला तोही दोघांपैकी कुणीतरी मुकाट्याने दुसऱ्याचं आवडतं गाणं लावलं म्हणून. संध्याकाळी दुकान बंद करून आला की चहा, मग खिडकीशी दोन खुर्च्या, मग गाणं. लेक लहान असताना म्हणायची, तुम्ही दोघं दिवे लावून गप्प बसता, शेजाऱ्यांना वाटतं वीज फुकट येते.

तीच लेक मागे सुट्टीत आली. बाप खालच्या फळीपुढे गुडघे टेकून एक कॅसेट शोधतोय आणि ती सापडेपर्यंत चहा गार झालाय, हे तिने रोज पाहिलं आणि ती वैतागली.

“बाबा, हे सगळं एका डबीत मावेल. आणि यादी तुमच्या फोनमध्ये.”

“डबीत मावेल, पण मला डबीत बघायला नको.”

“बघायला कव्हरांचे फोटो काढा. काय हवं ते करा. पण गुडघे सांभाळा.”

मग तो नादाला लागला. कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावायची, तार संगणकाला जोडायची, आणि गाणं पूर्ण वाजेपर्यंत थांबायचं, कारण तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, तिथे घाई चालत नाही. वाजून झाली की नाव टाकायचं, कव्हराचा फोटो जोडायचा, कोणत्या फळीवर आहे ते लिहायचं. दोन हिवाळे त्यात गेले. शेवटी लेकीने ते सगळं दोघांच्या फोनवर आणून दिलं आणि वर नाव दिलं, आपलं कपाट. फोनमधल्या नावावर बोट ठेवलं की बैठकीत स्पीकरला जोडलेल्या डबीतून गाणं सुरू. कुणीही लावलं तरी दोघांच्याही फोनवर दिसणार.

चष्मेवाल्याने सुरुवातीला नाक मुरडलं. आता तो दिवसातून दहादा कपाट उघडत होता.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर त्याने विचारलं, “आज काय लावू?”

बायको त्याच्याकडेच बघत होती. हल्ली तिने तिची खुर्ची खिडकीकडून फिरवून त्याच्या समोर घेतली होती. पाठीवर ऊन बरं वाटतं, म्हणाली होती.

“तुम्हीच लावा. पुष्कळ दिवसांत ऐकलं नाही असं काहीतरी.”

तो फोनमध्ये खाली खाली जात राहिला. कव्हरं सरकत गेली, निळी, करडी, कोपरे दुमडलेली. ‘नावेची गाणी’ दिसलं तेव्हा त्याचं बोट थांबलं. ही कॅसेट त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात बंदरावरच्या एका टपरीतून घेतली होती. गाणारी बाई पुढे कुठे गेली कुणास ठाऊक, पण तिच्या आवाजात पाणी होतं. कॅसेट उतरवली त्यानंतर ती एकदाही लावली नव्हती. त्याने बोट ठेवलं. बायकोने आपल्या मांडीवरच्या फोनकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

“अगंबाई! ही?”

आणि डबीतून क्लॅरिनेट सुरू झालं.

घोळ काय झाला ते चष्मेवाल्याच्या लगेच ध्यानात आलं. एकाच दुपारी त्याने दोन कॅसेट उतरवल्या होत्या, ही आणि एक क्लॅरिनेटची, आणि नावं टाकताना इकडचं तिकडे केलं होतं. त्याला हसू फुटलं. बघ तुझ्या नवऱ्याची करामत, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

बायकोची नजर फोनवर होती. ठिपका चालत होता. तिचा पाय हलकेच हलत होता, पण क्लॅरिनेटच्या तालात नाही. ते तर धावत सुटलं होतं. तिचा पाय संथ होता, वल्ह्यासारखा पुढे आणि मागे. ती गुणगुणत होती. अगदी बारीक आवाजात, सुराला जराशी सोडून, पण ओळ न चुकता, नावेचं गाणं. बाई जिथे थांबते तिथे ती थांबली, आणि जिथे उचलते तिथे तिने उचललं.

“काय गायची हो ही,” कडवं संपल्यावर ती म्हणाली. “असा आवाज पुन्हा नाही झाला.”

क्लॅरिनेट वरच्या पट्टीत किंचाळत होतं.

“नाही झाला,” चष्मेवाला म्हणाला.

तो शेवटपर्यंत बसून राहिला. दुसरं काय करायचं हे त्याला सुचलं नाही. खोलीत दोन गाणी चालली होती. त्याला दोन्ही ऐकू येत होती, आणि काही वेळाने तर तिचंच खरं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गृहस्थ आले, गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासून हवे होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी समोरचा अक्षरांचा तक्ता घडाघडा म्हणून टाकला, शेवटच्या ओळीतल्या मुंग्यांएवढ्या अक्षरांसकट. चष्मेवाल्याने अजून तक्त्याचा दिवा लावलाही नव्हता. एरवी अशा माणसाची त्याला गंमत वाटायची. तक्ता पाठ करून येणारे त्याने किती पकडले होते. तो हळूच तक्ता बदलायचा आणि मग समोरचा माणूस पहिल्याच ओळीला घाम पुसायचा. आज त्याला हसू आलं नाही. त्याने त्या गृहस्थांना निमूटपणे दुसरा तक्ता दाखवला, नंबर काढून दिला, आणि ते गेल्यावर दुकानाचं दार ओढून घेतलं.

आपल्याला कसं दिसलं नाही? जन्मभर लोकांना काय दिसतं आणि काय नाही हे पारखण्यावर पोट भरलं, आणि घरात डोळ्यांवर कातडं ओढून बसलो. खुर्ची ऊन बरं वाटतं म्हणून फिरली नव्हती, त्याचे ओठ दिसावेत म्हणून फिरली होती. दारावरची घंटा हल्ली नेहमी त्यालाच ऐकू यायची. लेक तक्रार करायची, आई फोन उचलत नाही, लिहून पाठव म्हणते. तेव्हा तोच बायकोची बाजू घेऊन म्हणाला होता, तिला लिहायला आवडतं. बायकोने तीस-एक वर्षं बालवाडीत काढली होती. बोबड्या पोरांचं बोलणं तिला कानाआधी त्यांच्या तोंडाकडे बघून कळायचं. तिला कोण पकडणार होतं?

तेवढ्यात काउंटरवरचा फोन उजळला. घरी गाणं लागलं होतं.

चष्मेवाला बघत राहिला. ठिपका निघाला. त्याला तीच बैठक दिसली, तेच हलते पडदे, तीच खुर्ची, आणि त्या खोलीभर वाजत असलेलं गाणं, जे त्या खोलीत कुणालाच ऐकू येत नव्हतं. मग ती लावते कशाला? कुणासाठी? उत्तर त्याच्यासमोरच्या पेटीला टेकून उभं होतं. त्याला रडू आलं. त्याने दाराची कडी लागलीय ना ते पाहिलं आणि मग पोटभर रडून घेतलं.

तिला विचारायचं कसं, हे मात्र त्याला कळेना. विचारलं तर संध्याकाळ मोडेल. मग दोन खुर्च्या नुसत्याच समोरासमोर उरतील. न विचारावं तर ती अशीच एकटी, एका फोनच्या आधाराने, त्याच्यासमोर रोज परीक्षेला बसल्यासारखी बसणार. लेकीचा फोन आला तेव्हा त्याने दोनदा सुरुवात केली, “अगं, आईचं ना,” आणि दोन्ही वेळा पुढे म्हणाला, “आईचं बरं चाललंय.” कपाटातला घोळ त्याने दुरुस्त केला नाही. नावेच्या गाण्यांखाली क्लॅरिनेट राहू दिलं.

सुट्टीचा दिवस आला. दुपारी ऊन बैठकीत आतपर्यंत आलं होतं आणि भिंतींवरची सगळी कव्हरं सायीसारख्या पिवळट उजेडात बुडाली होती. बायको आत हात पुसत होती. चष्मेवाला उठला आणि डबीपासून स्पीकरला जाणारी तार त्याने काढून ठेवली. तिला पकडायचं म्हणून नव्हे. एकदा तरी तिच्याकडच्या बाजूला जाऊन बसावं, तिथून कसं वाटतं ते बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. ती येऊन बसल्यावर त्याने फोनवर बोट ठेवलं. कव्हर आलं. ठिपका निघाला.

घरात काही वाजलं नाही. दूर कुठेतरी बस वळल्याचा आवाज आला, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. चष्मेवाल्याने डोळे अर्धे मिटले आणि दुकानात करायचा तसं गाणं डोक्यात सुरू केलं. जमलं नाही. दुकानात ते आपोआप यायचं. इथे ती समोर असताना येईना. तरी त्याने मान डोलवली. मांडीवर ताल धरला.

बायकोने फोनकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग फोनकडे पुन्हा पाहिलंच नाही.

“अहो,” ती म्हणाली, “बंद आहे ना?”

त्याचा हात मांडीवरच थांबला.

“लागलंय की.”

“नाही लागलेलं. तुमच्या तोंडावर नाहीये.”

“तोंडावर काय असायचंय?”

“गाणं लागलं की तुमची हनुवटी सैल पडते. ही डावी भुवई वर जाते, आणि चांगली जागा आली की तुम्ही तोंड किंचित उघडता, कुणी घास भरवायला आल्यासारखं. तुम्हाला माहीत नाही ते.” ती अगदी सावकाश बोलत होती. “आता तुम्ही नुसती मान हलवताय. सभेला बसल्यासारखी.”

चष्मेवाल्याने मान हलवणं थांबवलं. तिनेच त्याची सुटका केली.

“कधी कळलं तुम्हाला?”

“नावेची गाणी लावली तेव्हा.” तो तिच्याकडे तोंड करून, ओठ स्पष्ट हलवत म्हणाला. “नावं टाकताना माझाच घोळ झालाय. ते क्लॅरिनेट होतं.”

“म्हणजे मी क्लॅरिनेटला म्हटलं काय गायची ही?”

“म्हटलंस.”

“आणि तुम्ही नाही झाला असा आवाज म्हणालात!”

ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून आणि मग तो हात काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तोही हसला. बऱ्याच दिवसांनी दोघं एकाच गोष्टीला हसत होती. हसणं ओसरल्यावर त्याने विचारलं,

“कधीपासून?”

“एकदम नाही गेलं. आधी व्हायोलिन गेलं. मला वाटलं कॅसेट झिजली. मग बायकांचे आवाज. पुरुषांचे अजून थोडे येतात, भिंतीपलीकडून आल्यासारखे. तुमचा येतो. आजकाल तोही लांब गेलाय.”

“मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

तो विचार करू लागला.

“खोटं बोलू नका,” ती म्हणाली. “लावणं बंद केलं असतंत. हिला ऐकू येत नाही आणि मी कसा ऐकू, म्हणून. कपाटावर चादर घातली असतीत. मला माहीत नाही का तुम्ही?”

मनात त्याने चादर घालूनही पाहिली होती.

“आणि दुपारी? दुपारी लावतेस ते?”

“तुम्ही दुकानात एकटे असता ना.” हे तिने इतकं साधं सांगितलं, की त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग तिला आपलं बोलणं दिसणार नाही हे आठवून पुन्हा तिच्याकडे वळवलं.

“उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. दुकान नाही उघडणार मी.”

“जाऊ की. मशीन देतील, लावीन मी मशीन. लेकीशी बोलता येईल धड. वरच्या आजींनी लावलंय. त्या म्हणतात बोलणं कळतं, पण गाणं पत्रा वाजवल्यासारखं येतं.” तिने मांडीवरचा फोन सारखा केला. “गाण्याचं माझं काही अडत नाही हो. पाठ आहेत मला सगळी. पण ती लागलीच नाहीत तर मी बघायचं काय? तुम्हाला वाटतं या वयात मी संध्याकाळी गाणं ऐकायला बसते?”

चष्मेवाला उठला. त्याने तार जोडायला घेतली. ज्या बोटांनी तो मोहरीएवढे स्क्रू बसवायचा त्यांना भोक सापडेना. शेवटी सापडलं. त्याने आपली खुर्ची उचलली आणि उन्हात आणून ठेवली, तोंडावर नीट उजेड येईल अशी.

“काय लावू?”

“मला कशाला विचारता? तुम्हाला हवं ते लावा.”

त्याने फोन उघडला. कव्हरं खाली सरकत गेली. त्याने तिला न दाखवता एकावर बोट ठेवलं. तिनेही आपला फोन मांडीवर पालथा घातला, हात त्यावर ठेवले आणि समोर पाहिलं.

सुरुवातीला त्याला फार लाजल्यासारखं झालं. आपलं तोंड कसं दिसतंय, भुवई कुठे आहे, हनुवटीचं काय करायचं, सगळंच अवघड होऊन बसलं. त्याने गंभीर व्हायचा प्रयत्न केला, तर तिने नकारार्थी मान हलवली. मग गाणं पहिल्या कडव्याशी आलं, बाई थांबली, मागून व्हायोलिन हळूच आत शिरलं, आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे तो विसरला.

“व्हायोलिन आलं,” बायको स्वतःशीच म्हणाली.